शिवाचा बिल्ला

शुक्रवारी सकाळी धोंडू गॅलरीत बसून पाळणा घासत होता. पाळणा जुना, सागवानी, त्याच्या बापानं गावाहून बोटीनं आणलेला. त्यात धोंडू झोपला, पुढं त्याचा विनीत झोपला आणि येत्या रविवारी शेजारच्या शिवाच्या मुलाचं बारसं त्याच पाळण्यात होणार होतं. विनीतचं लग्न जमता जमत नव्हतं. तोवर पाळणा रिकामा पडून राहण्यापेक्षा कुणाच्या तरी कामी येतोय, यावर धोंडू खूश होता. सुभद्रा मात्र आतून दोनदा ओरडून गेली होती की पॉलिशच्या कागदाची धूळ सगळी पोह्यांत येतेय.

विनीत आणि शिवा याच गॅलरीत रांगले, एकाच शाळेत नापास झाले, एकाच ठिकाणी आयटीआय शिकले आणि आता एकाच खाणीत होते. विनीत वायरमन, शिवा पंपावर. लालबागची पोरं सोन्याच्या खाणीत गेली म्हटल्यावर चाळीला वर्षभर थट्टेला विषय पुरला. सुट्टीवर आले की नळावरच्या बायासुद्धा विचारायच्या, चपलेला चिकटून काही आलंय का रे. शिवा हसून तळवे दाखवायचा. विनीत हसायचा नाही, कारण चपलेला नुसता चिखल चिकटतो, हे त्यानं पाहिलेलं होतं.

खाण होती लांब, डोंगराळ जिल्ह्यात, जिथं एसटी संपते आणि पुढं कंपनीची जीप लागते. गोऱ्या साहेबानं कधीकाळी जंगल तोडून ती खोदली होती, थराखाली थर असे पाच थर, आणि एकदा पाणी शिरल्यावर हत्यारं, ढकलगाड्या, सगळं जागच्या जागी टाकून तो निघून गेला होता. सोन्याचा भाव चढला तसा या कंपनीला साहेबाच्या भोकाचा पुळका आला. पाणी उपसत उपसत त्यांनी तीन थर मोकळे केले होते. काम जोरात आहे, असं कंपनीचे लोक सांगायचे. विनीत फोनवर वेगळं सांगायचा.

"खाली उकडतं, बाबा. भिंतींना घाम येतो. साहेबाच्या वेळचे लाकडी टेकू आहेत ना, त्याला हात लावला की बोट आत जातं. आणि पाणी दिवसभर उपसायचं, सकाळी बघावं तर हातभर परत वर. मॅनेजर बोलतो, झिरपतंय. झिरपलेलं पाणी गार पाहिजे ना? हे कोमट आहे."

"मग सोड नि ये परत," धोंडू म्हणायचा. पण परत येऊन करायचं काय, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, त्यामुळं ते बोलणं तिथंच संपायचं.

धोंडूचं स्वतःचं आयुष्य बदलीवर गेलं होतं. लोअर परळच्या मिलमध्ये तो शेवटपर्यंत बदली कामगारच राहिला. कायम माणूस आला नाही की त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहायचं, तो आला की पुन्हा गेटवर. ही झाली रीतसर बदली. दुसरी एक बिनबोभाट चालायची. कुणाच्या घरी मयत, कुणाची बायको अडलेली, रजा शिल्लक नाही आणि खाडा पडला तर नोकरीवर गदा. अशा वेळी धोंडू त्या माणसाचा बिल्ला घेऊन, त्याच्याच नावानं आत शिरायचा. त्यात त्याला पाप वाटायचं नाही. शेजाऱ्याची पाळी रिकामी जाऊ द्यायची नाही, एवढीच त्याची समज होती, आणि तिच्यावर त्याला गर्व होता.

तिथला जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, मोठा बेरकी. त्याला संशय आला की तो हळूच मागून यायचा आणि माणसाचं खरं नाव घेऊन हाक मारायचा. जो वळला तो मेला. धोंडू सहीसलामत सुटला तो एका नियमावर. अंगावर दुसऱ्याचा बिल्ला असताना तुझ्या नावानं आईनं जरी हाक मारली तरी मान फिरवायची नाही, थांबायचंही नाही, पुढं चालत राहायचं. हा किस्सा त्यानं इतक्यांदा सांगितला होता की विनीत आणि शिवा लहानपणी गॅलरीत बदली-बदली खेळायचे. एकमेकांची नावं घ्यायची आणि मोठ्यांनी मागून खऱ्या नावानं हाका मारायच्या. शिवा दर वेळी वळायचा. विनीत कधीच वळला नाही. एकदा सुभद्रा गरम घावणे घेऊन त्याला हाका मारत राहिली आणि हा पठ्ठ्या जिना उतरून खाली गेला. धोंडूनं तेव्हा सगळ्या चाळीत त्याचं कौतुक सांगितलं होतं.

गेल्या मंगळवारी विनीतचा फोन आला होता. बारशासाठी शिवाला सुट्टी मिळत नाही म्हणून.

"मगे तू कित्याक आसस थंय?" धोंडू म्हणाला. "शनवारी निघांदे त्येका. तू उभो रव त्येच्या जाग्यार."

"बाबा, इथं नोटीस लागलीय. एकाचा बिल्ला दुसऱ्याकडे सापडला तर दोघं घरी."

"तू नि सापडतलंस?" धोंडू हसला होता. "पंप काय, बटनाचो तर खेळ. पोराचो बाप बारशाक नाय म्हणजे काय बरा दिसता?"

विनीत शेवटी बरं म्हणाला होता.

तर असा धोंडू पाळणा घासत होता, तेवढ्यात रखमा गॅलरीतून आली. रखमा म्हणजे शिवाची आई, धोंडूच्या मयत मित्राची बायको. तिच्या हातात मोबाइल होता आणि तो तिनं अंगापासून लांब धरला होता.

"भावजी, कंपनीतून फोन इलो. खाणीत कायतरी पडला म्हणतत. शिवा आत अडाकलो."

पॉलिशचा कागद धोंडूच्या हातातच राहिला. पहिला विचार त्याच्या मनात विनीतचा आला आणि त्याची त्याला लगेच लाज वाटली. आज शुक्रवार, शिवा निघणार उद्या, म्हणजे आत शिवाच. मग विनीत कुठं? त्यानं विनीतला फोन लावला. लागला नाही. शिवाचाही बंद होता. सुभद्रा दारात येऊन उभी राहिली आणि तिनं धोंडूचा शर्ट खुंटीवरून काढून दिला.

रखमाची सून श्रेया बाळंतपणाला माहेरी, शीव कोळीवाड्यात. तिला इतक्यात काही कळवायचं नाही असं टॅक्सीतच ठरलं. रखमा रडत नव्हती. टॅक्सी पुलावर अडकली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "परवा फोनार म्हणा होतो, आये, पाणी वर येता गो. मी म्हटलंय, मगे पाय सुके ठेव." हे सांगून ती धोंडूकडं बघत राहिली, आपण चुकीचं तर नाही ना बोललो, अशा नजरेनं.

कंपनीचं ऑफिस लोअर परळला काचेच्या इमारतीत होतं. जागा धोंडूच्या मिलचीच. जिथं त्याचं साचाखातं होतं तिथं आता लिफ्ट होत्या. आत शिरताच समोर काचेच्या पेटीत काळपट दगडाचा तुकडा ठेवलेला आणि वर भला मोठा पडदा. त्यावर हिरव्या रेषा वर चढत होत्या. खाणीची प्रगती, असं खाली लिहिलं होतं. सकाळचा प्रकार त्या पडद्याला अजून कुणी कळवलेला दिसत नव्हता.

हेमचंद्र विजयकर म्हणून मुंबई ऑफिसचे मुख्य होते. गिरगावातल्या जुन्या घराण्यातला, पन्नाशीचा, मऊ बोलणारा माणूस. त्यांनी दोघांना आपल्या खोलीत बसवलं, स्वतः उठून पाणी दिलं.

"आई, आधी चांगली गोष्ट सांगतो," ते म्हणाले. "शिवा सुखरूप आहे. तिसऱ्या थरावरच्या पंपघरात आहे, त्याच्यासोबत तिथलेच दोन मजूर आहेत. परत यायच्या वाटेवर छत बसलंय, त्यामुळे त्यांना त्या बाजूनं येता येत नाही. पण टेलिफोनची तार शाबूत आहे. आमचं त्याच्याशी बोलणं चालू आहे."

"पाणी?" धोंडूनं विचारलं.

विजयकरांनी त्याच्याकडं पाहिलं. "वाढतंय," ते म्हणाले. "पंपाची वीज गेलीय."

"माझो झील पण थंयच आसा. माझा मुलगा. विनीत."

विजयकरांनी टेबलावरचा फोन ओढला. खाणीचा मॅनेजर स्पीकरवर आला, मागं माणसांचा गलका. विनीतचं नाव सांगितल्यावर तो थोडा वेळ गेला आणि परत आला. खाणीच्या तोंडाशी बिल्ल्यांची फळी असते. आत जाणारा आपला बिल्ला काढून नेतो, बाहेर आला की परत लावतो. विनीतचा बिल्ला फळीवर होता. आज त्याची सुट्टी होती. खोलीवर झोपला असेल नाहीतर मदतीला धावला असेल, इथं कोण कुठं आहे ते आत्ता सांगता येत नाही, असं मॅनेजर म्हणाला.

धोंडूच्या पाठीचा ताठा एकदम सैल झाला. छातीत जे उकळलं तो सरळ सरळ आनंद होता, आणि शेजारी रखमा बसली असताना तो आवरायचा कसा हे त्याला कळेना. त्यानं खाली मान घालून पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "येतलो गो वयनी. आपलो शिवा येतलो."

ग्लास खाली ठेवताना मात्र त्याच्या मनात एक कुसळ टोचलं. फळी काय बोलते आणि खरं काय असतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? जन्मभर त्यानं हेच तर केलं होतं. पण आज शुक्रवार, आणि बदली उद्यापासून. हे त्यानं मनात दोनदा म्हटलं.

विजयकरांनी मॅनेजरला पंपघराची लाइन जोडायला सांगितली. आईला एकदा बोलू द्या, म्हणाले. स्पीकरमधून खरखर आली, कुठंतरी पाणी पडल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी श्वास घेतला. घेताना नाकातून बारीक शीळ निघाली.

विनीत लहानपणी जिन्यावरून पडला होता. नाक मोडलं होतं. तेव्हापासून बोलायच्या आधी त्याच्या नाकातून अशी शीळ निघायची.

"आई, मी शिवा," आवाज म्हणाला. "टेन्शन घेऊ नको. बरा आहे मी."

"बाळा," रखमा म्हणाली आणि आता मात्र तिचा बांध फुटला. "जेवलंस रे? आवाज कसो बसलो तुझो."

"धूळ आहे ना. जेवलो. तू रडू नको." मग खरखर. "धोंडूकाका आलेत का सोबत?"

धोंडू टेबलाची कड धरून उभा राहिला. पोटच्या पोरानं त्याला काका म्हटलं होतं. शिवा ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच निघाला होता, एवढीच गोष्ट, आणि ती घरी कळवायची कुणाला गरज वाटली नव्हती.

"काका, पाळण्याची दोरी जुनी झालीय. नवीन घाला."

खोलीत सगळे धोंडूकडं बघत होते. त्याला बोलायचं होतं, की हा शिवा नाही, हा माझा आहे. पण जन्मभराचं वळण जिभेवर आधी आलं. पोर दुसऱ्याच्या बिल्ल्यावर उभं आहे, साहेब समोर आहेत. आपण नाव घेतलं की दोघांची नोकरी गेली. शिवाच्या पदरात दहा दिवसांचं मूल. बाहेर तर येणारच आहे, आल्यावर बघू.

"होय रे शिवा," धोंडू म्हणाला. "घालतंय."

"बरं," आवाज म्हणाला, आणि त्यात थोडं हसू होतं. बापानं ओळखलं, हे त्याला समजलं होतं.

मग मॅनेजर मध्येच बोलला. पाणी पंपघराच्या ओट्याला लागलंय, आता थांबण्यात अर्थ नाही. "शिवा, ऐक. साहेबाच्या जुन्या बोगद्यानं निघायचं. उन्हाळ्यात सर्व्हेवाल्यांबरोबर तू गेला होतास, तीच वाट. दोघांना घेऊन चल, बोगद्याच्या टोकाला जुनी विहीर आहे, तिथं आमची माणसं दोर घेऊन बसलीत. वाट आठवते ना?"

खरखर. पाण्याचा आवाज. नाकातली शीळ.

"होय साहेब," विनीत म्हणाला.

लाइन बंद झाली. विजयकरांनी सुस्कारा सोडला आणि रखमाकडं वळून म्हणाले, "नशीब, आई, तुमचाच मुलगा आत आहे. त्या तिघांत ती वाट दुसऱ्या कुणाला माहीत नाही."

धोंडूला ते वाक्य ऐकू आलं आणि डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरलं तसा तो खोलीबाहेर आला. काचेच्या भिंतीला टेकून त्यानं श्रेयाला फोन लावला. घाईत आधी दुसराच नंबर लागला.

"शिवाक दी," तो म्हणाला.

"काका, ते... ते कुठं इथं?"

"गो पोरी, दी त्येका. माका ठावक आसा."

शिवा फोनवर आला. आवाजात झोप होती. फोन बंद ठेवून तो सकाळपासून लेकाजवळ पडला होता. खाणीत असलेल्या माणसाचा फोन लागता कामा नये, हे बदलीतलं साधं शहाणपण. धोंडूनं काय झालं ते सांगितलं. पलीकडं मूल रडत होतं.

"साहेबाच्या बोगद्याची वाट विनीतला माहीत आहे का?" धोंडूनं विचारलं. त्याची मालवणी कुठं गेली त्याचं त्याला कळलं नाही.

"नाय काका. त्याला कुठनं माहीत असणार? मीच एकदा गेलोय." शिवाचा श्वास वर चढला होता. "काका, पुढं हवेचं भोकाड आहे. साहेबानं वरपर्यंत काढलेलं, विहिरीसारखं. तिथं दोन वाटा फुटतात. एक रुंद आहे, रुळ आहेत, बघितलं की वाटतं हीच. ती नाय. तिकडं हवा मेलेली आहे, दिवा लावला तर विझतो. सर्व्हेवाला चार पावलं गेला आणि आम्ही ओढून काढला त्याला. दुसरी बारकी आहे, रांगत जावं लागतं, तिनं जायचं. त्याला सांगा, बारकी. मी येतो, आत्ता निघतो."

धोंडू आत गेला आणि उभ्याउभ्या बोलला. आत शिवा नाही, माझा विनीत आहे, शिवाच्या बिल्ल्यावर, मीच सांगितलं होतं त्याला. शिवानं सांगितलेलं हवेचं भोकाड आणि दोन वाटा, तेही त्यानं त्याच दमात सांगितलं. विजयकर रागावले नाहीत. त्यांनी फोन ओढला.

पंपघरात घंटा वाजत राहिली. तिघं निघून गेले होते.

"हवेच्या विहिरीवर माणूस पाठवा," विजयकर मॅनेजरला म्हणाले. "ताबडतोब. तिच्याखालून त्यांना जावंच लागेल. वरून ओरडून सांगता येईल. रुंद वाट सोडा, बारीक वाटेनं जा म्हणावं." मग धोंडूकडं वळून, "नाव काय म्हणालात? मुलाचं?"

"विनीत."

"विनीत म्हणून हाक मारा," विजयकर फोनमध्ये म्हणाले.

मग वाट बघणं. हवेची विहीर, म्हणजे शिवाचं ते भोकाड, डोंगराच्या पलीकडं, काटेरी रानात, तोंडावर साहेबाच्या वेळचे गज. माणूस त्यातून उतरू शकत नव्हता, आवाज तेवढा उतरला असता. मॅनेजरची माणसं धावत सुटली होती आणि त्यांच्यातल्या एकाचा मोबाइल स्पीकरवर जोडलेला होता. त्यातून पायांखालच्या पाचोळ्याचा आणि धापांचा आवाज ऑफिसात येत होता.

रखमाला उशिरा उमगलं. तिनं धोंडूला विचारलं, "म्हणजे शिवा..." आणि धोंडूनं मान हलवली. कोळीवाड्यात आहे, बाळाजवळ. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते धोंडूनं ओळखलं, कारण थोड्या वेळापूर्वी तेच त्याच्या चेहऱ्यावर होतं. तिनं घाईनं पदर तोंडावर ओढून घेतला. त्याला तिचा राग आला नाही. राग यायला मनात जागाच उरली नव्हती.

तो विनीतचाच विचार करत होता. वाट ठाऊक नसताना हा होय साहेब म्हणाला. का म्हणाला? शिवाची नोकरी जाऊ नये म्हणून, आणि बाप ऐकतोय म्हणून. बापानं होय रे शिवा म्हटलं नसतं तर कदाचित पोरानं खरं सांगून टाकलं असतं. हा विचार धोंडूच्या आत शिरला आणि तिथंच बसून राहिला.

"पोचलो, साहेब," स्पीकर म्हणाला.

विजयकर पुढं झुकले.

"खाली अंधार आहे. काही दिसत नाही. थांबा. थांबा, साहेब, उजेड आहे. दिवे येतायत. एक, दोन... तिघं आहेत."

"हाक मारा."

हाक ऐकू आली. विनीत. विनीत. बाकीचे शब्द, बारकी वाट, रुंद वाट, सगळे विहिरीत घुमून एकमेकांत मिसळत होते, इथं स्पीकरवरही लागत नव्हते. नाव तेवढं लख्ख होतं. धोंडू हात जोडून उभा होता.

"थांबला, साहेब. पुढचा दिवा थांबला."

विजयकरांनी डोळे मिटले. रखमा पुटपुटत होती.

"परत हाक मारा. वर बघायला सांगा."

विनीत. विनीत. पुन्हा पुन्हा. मग स्पीकरवर नुसती धाप.

"काय झालं?" विजयकर म्हणाले.

"वर बघितलं नाही, साहेब. जरा वेळ थांबला होता. आता पुढं निघाला. मागच्यांनापण हातानं चला चला केलं. जरा घाईतच गेला."

"कुठल्या वाटेनं?"

"रुळावरनं. रुंद आहे ती."

 धोंडूला गॅलरी दिसत होती, गरम घावण्यांची ताटली घेतलेली सुभद्रा, आणि जिना उतरून जाणारी एक छोटी पाठ. मग त्यानं टेबलावर हात आपटला.

"शिवा म्हणा," तो म्हणाला. "शिवा म्हणून हाक मारा त्याला. विनीत म्हटलं तर तो वळायचा नाही. मीच शिकवलंय. शिवा म्हणा, साहेब, लवकर."

विजयकरांना काही कळलं नाही, पण त्यांनी ते तसंच्या तसं पुढं सांगितलं. डोंगरावरचा माणूस गजांवर वाकला असावा, कारण त्याचा आवाज एकदम पोकळ झाला. शिवा. शिवा. शिवा.

"आता उजेड नाही, साहेब," तो मध्येच म्हणाला.

"हाका मारत राहा," विजयकर म्हणाले.

तो मारत राहिला. तेवढ्यात खोलीचं काचेचं दार उघडलं. शिवा धावत आला होता, शर्टाची बटणं वरखाली लागलेली, खांद्यावर बाळाचं दुपटं तसंच राहिलेलं. रखमा उठून उभी राहिली. स्पीकरमधून पुन्हा शिवा अशी हाक आली, आणि दारात उभ्या शिवानं सवयीनं ओ दिली.